बाहुलीची जबानी

सिल्वासाच्या टोकरखाड्यातली खोली बघायला गेले त्या दिवशी आमच्या घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, भाडं सांगितलं नाही, शाळेचा नेमणुकीचा कागदही मागितला नाही. मला अंगणात उजेडात उभं केलं आणि स्वतः इतके जवळ आले की त्यांच्या मिशीतल्या तपकिरीचा वास मला आला. मग त्यांनी आधी माझ्या उजव्या डोळ्यात पाहिलं, नंतर डाव्या. मी एकटी, रत्नागिरीकडून नोकरीसाठी आलेली, आणि मुळातच संशयी. नारळ घेतानासुद्धा कानाशी हलवून परत ठेवायचा आणि दुसरा उचलायचा, अशातली मी. हा माणूस बरा नव्हे असं ठरवून मी पिशवी उचलली.

ओटीवर एक बाई, म्हणजे त्यांची बायको, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ नको बाय. ते सगल्यांना असंच बघतात. म्हैस घेतली तवा तिलापन बघून घेतलेली."

"आहे," घरमालक मागे सरत म्हणाले. "खोली तुमची."

काय आहे ते सांगितलं नाही. मी राहिले, पण पहिले काही महिने दाराला आतून कडी आणि कडीला वर दोरी बांधून झोपत होते.

घरमालकांना सगळे काका म्हणत. ते कचेरीतले निवृत्त दुभाषी. त्यांची शाळा पोर्तुगीज अंमलात झालेली, त्यामुळे ती भाषा पक्की. घरात मराठी, बाजारात गुजराती, शेतावर वारली. अंमल गेला तरी जमिनीचे जुने कागद त्याच भाषेत राहिले, म्हणून नव्या सरकारलाही ते हवेच होते. जन्मभर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत करून देता देता त्यांचा कोणाच्याच बोलण्यावर भरवसा उरला नव्हता. "खोटं बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे एकदाच कळतं," ते म्हणायचे. "दुभाष्याला दोनदा. ऐकताना आणि बोलताना." 'विश्वास' या शब्दाचा तर त्यांना तिटकारा होता. तो शब्द भाषांतराला आला की मागून कोणाची तरी जमीन जायची, असा त्यांचा अनुभव. त्यांच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. दूधवाल्याने एकदा "काका, विश्वास ठेवा, पाणी नाही" म्हटलं, तेव्हा काकांनी दुधाचं भांडं उजेडाला नेऊन तिरकं केलं होतं.

त्या दिवसांत सिल्वासात जो तो बाहेरून आलेला. कारखाने उघडत होते आणि खोल्या कमी पडत होत्या. भाडेकरू आला की काका त्याला उजेडात उभा करायचे. धुळ्याकडचा एक जण, यार्नच्या कारखान्यात नुकता लागलेला, ट्रंक डोक्यावर घेऊनच आला होता. काका त्याच्या नाकाला नाक लावण्याइतके जवळ गेले तसा तो ट्रंकेसकट मागे सरकत गेला. "काका, हाई काय करी राह्यनात?" असं दोनतीनदा विचारून शेवटी तो फाटकाबाहेर पडला आणि पुन्हा दिसला नाही. "बघा," काका म्हणाले, "पळाला." पळणार नाही तर काय करील, असं माझ्या मनात आलं, पण मी भाडेकरू होते.

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते हे कळल्यावर एका रविवारी त्यांनी मला ओटीवर बोलावून घेतलं आणि समोर पाट ठेवला. स्वतः खुर्चीत बसले. माझी उलटतपासणी आहे हे उघड होतं.

"डोळ्याच्या मधोमध काळं असतं, त्याला काय म्हणतात?"

"बाहुली."

"ते मराठी झालं. संस्कृतात?"

"कनीनिका."

"म्हणजे कोण?"

"लहान मुलगी. कन्या शब्दाच्या नात्यातलाच शब्द आहे."

"हीसुद्धा," काका पुटपुटले. मग त्यांनी सगळं प्रकरण माझ्यापुढे मांडलं. हिंदीवाले तिला पुतली म्हणतात, म्हणजे बाहुलीच. सुरतेकडचे लोक घरातल्या लहानग्या पोरीला कीकी म्हणतात आणि डोळ्यातलीलाही कीकीच. पोर्तुगीजमध्ये ती मेनिना, डोळ्यातली मुलगी. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये एक म्हातारे पाद्री होते. त्यांनी सांगितलेलं की लॅटिनमध्ये ती पुपिल्ला, छोटी बाहुली, आणि त्याच्याही आधी ग्रीक लोक तिला कोरे म्हणत, म्हणजे पुन्हा मुलगीच. "इंग्रजांनी लॅटिनवालीची शेपटी कापली आणि प्यूपिल करून टाकलं. आता डॉक्टर लोक तेच म्हणतात."

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान?" काकांनी तपकिरीची चिमूट हवेतच थांबवली. "बाई, साक्षीदार निरनिराळ्या गावचे. बहुतेकांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. आणि जबानी सगळ्यांची एक. कोर्टात असं झालं की आम्ही काय समजायचो? साक्षीदार पढवलेले आहेत."

मी कॉलेजात शिकलेलं सांगून पाहिलं, की यातल्या पुष्कळ भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत.

"नातेवाइकांची साक्ष तर मुळीच धरत नाहीत," ते म्हणाले. "आणि नीट बघा. पुतली, कीकी, मेनिना, कोरे यांचे चेहरे एकमेकींसारखे आहेत का? नाहीत. फक्त सांगणं सारखं."

"मग पढवलं कोणी?"

या प्रश्नाची ते वाट बघत होते. त्यांनी काकूंना हाक मारली, माझ्यापुढे बसवलं आणि मला त्यांच्या डोळ्यात बघायला लावलं. मी वाकले. काकूंच्या डोळ्यातल्या त्या काळ्यात एक एवढीशी बाई माझ्याकडे बघत होती. खांद्यावर वेणी, मागे उजेडाचं दार. मीच.

"कोणी पढवलं नाही," काका म्हणाले. "ज्याने ज्याने दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून बघितलं, त्याला आत एक लहानसं माणूस दिसलं. ग्रीकाला दिसलं, सुरतेच्या बाईला दिसलं. सगळ्यांनी आपापलं बघून सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी एकच केस, जिच्यातले सगळे साक्षीदार खरे. म्हणून मी माणसाचं तोंड ऐकत नाही. तिला विचारतो."

त्यांचा कायदा साधा होता. समोरच्याच्या डोळ्यात आपण दिसलो की माणूस खरा. नाही दिसलो, तर दोनच अर्थ. एक, तो खोटा आहे, नजर ठरत नाही, म्हणून बाहुली उभी राहत नाही. दुसरा अर्थ त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितला. त्यांची आई आजारी होती तेव्हा दादऱ्याहून एक वैद्य यायचे. एके दिवशी त्यांनी आईच्या डोळ्यात वाकून बघितलं आणि काढलेल्या पुड्या परत पिशवीत टाकल्या. जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यातली कुमारिका आधी घर सोडते, मग औषध द्यायचं नसतं, म्हणाले. वैद्य गेल्यावर काकांनी स्वतः बघितलं. आईच्या डोळ्यात ते नव्हते. संध्याकाळच्या आत आई गेली. हे सांगून काका उठले आणि फाटकाची कडी बरोबर लागली आहे का ते बघून आले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा संशय फार वाढला. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात, अक्षर पुसट छापतात, अशी तक्रार सुरू झाली. वीजवाले टोकरखाड्याची वीज कमी करून कारखान्यांना देतात, म्हणून दिवे मिणमिणतात. मग दूधवाल्याची पाळी आली. त्याला फाटकात थांबवून त्यांनी डोळ्यात बघितलं आणि दूध बंद केलं. चार दिवसांनी वाण्याचं खातं बंद. मला या सगळ्यात नवल वाटलं नाही. काकांच्या स्वभावाने एवढा पल्ला गाठणं ठरलेलंच होतं.

नवल वेगळंच घडलं. काका काकूंशी गोड वागायला लागले.

हा माणूस बायकोने शिजवलेली डाळसुद्धा मोजून घेतली होती तेवढीच आहे का, असं पातेल्यात डोकावून बघणारा. तो आता बाजारातून तिच्यासाठी नानखटाई आणायला लागला. विहिरीवरून पाण्याचा हंडा स्वतः आणू लागला. एकदा तर मी त्यांना काकूंच्या शेजारी बसून नारळ खवताना बघितलं. अर्धा नारळ करवंटीवर, अर्धा धोतरावर. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. दुपारी माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"तुला काय वाटतं बाय? काय असंल यांच्या मनात?"

"काय असणार?"

"घर इकायचा बेत हाय," काकू कुजबुजल्या. "जागा माझ्या बापानं दिलेली, कागद माझ्या नावावर. जीपवाले दलाल फिरतात रोज, कारखान्यासाठी जागा मागतात. यांना माझा अंगठा पायजे. नायतर या मानसाच्या तोंडात साखर कशाला पडंल?"

मला ते पटलं. गोड बोलणाऱ्या माणसाला मी एरवीही जवळ करत नाही. काकूंनी उपायही करून ठेवला होता. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. "कापलं म्हनून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "काय कापलं नाय. पन आता बघू दे कसा अंगठा घेतात ते." ती चिंधी त्या दर दोन दिवसांनी बदलायच्या, हळद लावून. मीच एकदा त्यांना जुन्या ओढणीचा तुकडा दिला. अंगणाच्या एका कोपऱ्यातून काका त्या चिंधीकडे बघत बसायचे, आणि ते बघतायत म्हणून काकू ती आणखी घट्ट करायच्या.

मग एका सकाळी, मी शाळेला निघत असताना, काकांनी मला अंगणात थांबवलं. पहिल्या दिवशीसारखेच जवळ आले. उजवा डोळा, डावा डोळा. आणि मागे सरले.

"बाई, या महिन्याअखेर खोली खाली करा."

"का? काय केलं मी?"

"तुमच्यात मी नाही."

मला इतका राग आला की माझा आवाजच चढला. सिल्वासात खोली मिळणं किती कठीण झालं होतं, ते मला माहीत होतं. "आणि काकूंच्यात?" मी टोचायलाच म्हटलं. "त्यांच्या डोळ्यात तरी आहात का तुम्ही?"

काका पायरीवर बसले.

"नाही," मग म्हणाले. "दिवाळीपासून नाही."

"म्हणजे त्यासुद्धा खोट्या?"

"ती?" मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सगळं गाव खोटं असेल. तुम्ही असाल. ती नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली आणि आवाज खाली आणला. "तिला सांगू नका. अंगठ्याची जखम बघितलीत ना? महिना झाला, भरत नाही. आईचंही असंच होतं, शेवटी शेवटी काही भरत नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगातल्या कोणावरही खोटेपणाचा आरोप ठेवायला हा माणूस तयार होता; बायकोवर ठेवायची वेळ आली, तेव्हा त्याने तो ठेवला नाही, तिचं मरण धरून चालला. नानखटाई त्यासाठी होती. हंडा त्यासाठी होता. मला त्यांची इतकी माया आली की मघाचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

"काका, इकडे बघा," मी म्हटलं आणि त्यांनी जे मला केलं होतं तेच त्यांना केलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. उजव्या डोळ्याच्या मध्यावर काळं नव्हतंच. ताकाच्या थेंबासारखं पांढरं होतं. डावा तांदळाच्या धुवणासारखा गढूळ.

"तुम्हाला मोतीबिंदू झालाय. तुम्हाला कोणाच्याच डोळ्यात काही दिसणार नाही. शाई ठीक आहे, दिवे ठीक आहेत, दूधवालाही ठीक आहे."

"म्हणजे साक्षीदार शाबूत," काका सावकाश म्हणाले. "न्यायाधीशच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग मान वर करून विचारलं, "हे तुम्ही खोली वाचवायला तर सांगत नाही?"

काकूंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चिंधी सोडून चुलीत टाकली. मग रागावल्या. "मी मरनार म्हनून नानखटाई? आनि जित्या बाईला काय नाय?" पण दुसऱ्या दिवशी वापीच्या बसमध्ये नवऱ्याचा हात धरून त्याच बसल्या होत्या. मी रजा टाकून बरोबर गेले.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, गुजराती, घाईत. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "अंकल, ड्रॉप डालके प्यूपिल बड़ी करेंगे, फिर अंदर का मोती निकाल देंगे. देर करोगे तो आँख जाएगी."

"प्यूपिल म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले. "कौन क्या? काला होल है अंकल, बस."

"कीकी म्हणतात ना तुमच्यात?"

"वो तो पुराने लोग बोलते हैं."

काका उठले. "चला," मला म्हणाले. "आत कोण राहतं तेच याला माहीत नाही. याच्या हातात मी घराची किल्ली देऊ?"

मी समजावलं, डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी उचलली, पण काका दारापर्यंत पोचले होते. तेव्हा काकू पुढे झाल्या. सरळ डॉक्टरांच्या समोरच्या त्या उंच स्टुलावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पदर मागे सारला.

"माझ्या डोल्यात बघा," त्या म्हणाल्या.

"माजी, आपको क्या तकलीफ है?"

"तकलीफ नाय. बघा. जवल या. बॅटरी ठेवा ती."

डॉक्टरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते वाकले, आणखी जवळ गेले, आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरची घाई गेली.

"काय दिसतं?" काकूंनी विचारलं.

"हुं ज छुं," डॉक्टर म्हणाले आणि हसले. "मैं ही हूँ. छोटा सा."

"तेच यांना दिसत नाय. दिवालीपासनं. म्हनून यांना वाटतं मी मरनार. तेवढं दिसायला पायजे."

दारातून काका हे सगळं ऐकत होते. ते परत आले, खुर्चीत बसले आणि हनुवटी वर केली. "टाका थेंब," म्हणाले. "यांनी स्वतः बघितलंय."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी, मग हिरवं फडकं, मग नुसती वाट बघणं. जाड भिंगाचा चष्मा पुष्कळ दिवसांनी आला. तो लावून काका आधी फाटकात जाऊन उभे राहिले आणि शेजारच्यांकडे येणाऱ्या दूधवाल्याला थांबवून त्याच्या डोळ्यात बघितलं. दूध पुन्हा सुरू झालं. मग मला उजेडात बोलावलं. "आहे. राहा तुम्ही," म्हणाले. मग वाण्याकडे जाऊन आले. मग नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. सगळं टोकरखाडं तपासून झालं, पण काकूंसमोर ते जाईनात. काकू ओटीवर भाजी निवडत बसायच्या आणि ते अंगणात येरझारा घालायचे. त्यांना भीती वाटत होती हे मला दिसत होतं. तोवर ती मोतीबिंदूची चूक होती. आता नाही दिसले तर ती चूक नसणार होती.

शेवटी काकूच म्हणाल्या, "या आता. माझे पाय आखडले."

काका गेले, समोर मांडी घालून बसले आणि पुढे वाकले. मी माझ्या दारात उभी होते, ती हललेच नाही. त्यांना नीट जमत नव्हतं. भिंग पुढेमागे करत होते. मग त्यांचे खांदे खाली आले.

"आहे," ते म्हणाले.

काकूंनी भाजीचं ताट जवळ ओढलं.

"तू कधी माझ्यात बघितलंस?" काकांनी विचारलं.

"नाय."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"नाय."

"का?"

काकू भाजीची देठं खुडत राहिल्या. "नसते तं? मंग काय करनार होते मी? माहेरी सुरंगीला परत कोन घेनार होतं मना?"

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि चेहरा पुढे केला. "बघ."

काकूंनी हात पदराला पुसले. एका हाताने त्यांची मान आपल्याकडे वळवली आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"हाय कोनतरी," त्या म्हणाल्या. "बाईमानूस हाय. डोक्यावर पदर हाय."

"मग तूच."

"मीच कशावरून? तुमीच सांगता ना, कोनाच्या सांगन्यावर जाऊ नये."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दुभाष्याला त्याच्या कुठल्याच भाषेत पुरावा सापडत नव्हता.

"विश्वास ठेव," ते म्हणाले.

"बघू," काकू म्हणाल्या, आणि भाजीचं ताट घेऊन आत गेल्या.